खांद्यावरची पर्स

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र तुम्हालाच आहे.

परळच्या एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये मी लिहिलेलं सभासद-यादीचं पान उघडायला ९ सेकंद लागायचे. मार्चअखेर तोंडावर आलेली, काउंटरवर रांग. तीन आठवडे मी ज्याला त्याला विचारत होतो. एक म्हणाला, मोठा सर्व्हर घ्या. घेतला. बिल वाढलं, सेकंद तेवढेच. दुसरा म्हणाला, जँगोचं ओआरएम (पायथन कोडवरून डेटाबेसच्या क्वेरी आपोआप बनवणारा भाग) मुळातच संथ, सगळं एसक्यूएलमध्ये, थेट डेटाबेसच्या भाषेत लिही. दोघंही उभ्याउभ्या सांगून गेले. माझा कोड एकानेही उघडून पाहिला नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही तर निघालाच होतात, विरार फास्ट गाठायची होती. जाता जाता माझ्या स्क्रीनकडे पाहिलंत आणि खांद्यावरची पर्स काढून खुर्चीला अडकवलीत. संध्याकाळी सात वाजता कुणी पर्स काढून ठेवतं म्हणजे काय, हे लोकलने जाणाऱ्याला सांगायला नको. माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला.

"क्वेरींचा लॉग लाव आणि मोठ्याने वाच," म्हणालात, म्हणजे डेटाबेसला गेलेल्या प्रत्येक प्रश्नाची नोंद. सभासद १ ची कर्जं, सभासद २ ची कर्जं, ३ ची... ओळ तीच, शेवटचा आकडा तेवढा बदलत होता. सातव्या ओळीला माझा आवाज बसला. सभासद २००. यादीची १ क्वेरी, शाखांच्या २००, कर्जांच्या २००, आणि सगळ्यांची कर्जं एकदम आधीच आणून ठेवायला मी लावलेल्या प्रीफेचची आणखी १.

प्रीफेच लावूनही फरक पडेना, म्हणून तर मी खचलो होतो. "ते बरोबरच लावलंयस," हे तुम्ही आधी सांगितलंत. मग खालच्या फंक्शनमधल्या, फक्त चालू कर्जं निवडणाऱ्या फिल्टरवर बोट ठेवलंत. प्रीफेचने आणून ठेवलेली कर्जं 'ऑल' म्हटलं तर मिळतात. फिल्टर लावला की जँगो पुन्हा डेटाबेसकडे धावतो. चालू कर्जांची अट प्रीफेचमध्येच घातली, शाखा सिलेक्ट रिलेटेडने यादीच्याच क्वेरीत जॉइन करून आणली. ४०२ क्वेरींच्या २ झाल्या.

हुशार माणसं आमच्या धंद्यात पैशाला पासरी आहेत. तुम्ही कीबोर्ड ओढून घेतला नाहीत, "एवढं कसं दिसलं नाही" म्हणाला नाहीत. असं वागणारं माणूस मला नोकरीच्या चार वर्षांत पहिल्यांदा भेटलं.

त्या दिवशी तुमची गाडी चुकली असणार. पुढची कितीची मिळाली, घरी किती वाजता पोचलात, विचारायचं राहूनच गेलं.