सरासरी उतरते, तोटा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेअर पडला की आणखी थोडे घेऊन ‘ॲव्हरेज’ करावे, म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली आणावा, हा सल्ला हल्ली ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यापासून लोकलच्या डब्यापर्यंत इतक्या सहजपणे दिला जातो की, त्यामागचा हिशेब कोणी मांडून पाहत नाही. समजा, ४०० रुपयांनी १०० शेअर घेतले आणि भाव २०० वर आला, तर तोटा २० हजारांचा. त्या भावाने आणखी १०० घेतले की सरासरी ३०० होते आणि ॲपवर ५० टक्के दिसणारा तोटा ३३ टक्के दिसू लागतो; प्रत्यक्षात तो २० हजारच असतो, मात्र एकाच कंपनीत गुंतलेली रक्कम ४० हजारांवरून ६० हजार झालेली असते.

येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. मार्च २०२० मध्ये बँकेवर निर्बंध आले आणि पुनर्रचना योजनेनुसार १०० पेक्षा अधिक शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. म्हणजे ज्याने ॲव्हरेज करता करता शंभरी ओलांडली, तो नेमका अडकला. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या भागधारकांच्या हाती तर २०२१ मध्ये काहीच उरले नाही.

पडलेला शेअर पुन्हा घेणे नेहमीच चूक असते, असे नाही. कंपनीचे कर्ज, नफा आणि प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर यांची माहिती शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर मिळते. ती पाहून घेतलेला निर्णय वेगळा. गंमत म्हणजे, चांगली चाललेली कंपनी वरच्या भावाने आणखी घ्यायला हीच मंडळी ‘सरासरी बिघडते’ म्हणून तयार नसतात.

या सरासरीला प्राप्तिकराच्या हिशेबातही स्थान नाही. डीमॅट खात्यातून, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याच्या खात्यातून, विकताना आधी घेतलेले शेअर आधी विकले, असेच धरले जाते. वरच्या उदाहरणात ३२० ने १०० शेअर विकणाऱ्याला शेअरमागे २० रुपयांचा नफा झाल्यासारखे वाटते. करासाठी मात्र तो ४०० वाल्या शेअरवरचा, शेअरमागे ८० रुपयांचा तोटा असतो.

असे असताना अनेक ॲपमध्ये सरासरी ठळक दिसते आणि प्रत्येक खरेदीची तारीख व भाव शोधावे लागतात. आधीच बाळगलेला शेअर पुन्हा खरेदी करताना जुन्या खरेद्या स्वतंत्रपणे आणि नव्या खरेदीनंतर एकूण गुंतवणुकीतला त्या कंपनीचा टक्का, या दोन्ही गोष्टी पडद्यावर दाखवणे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने दलालांना बंधनकारक करावे.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा, ठाणे