सुइट नको, असे मी का म्हणते

सिंगापूर

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, जानेवारीतल्या जहाजसफरीसाठी जी बाल्कनीची खोली आपण घेतली आहे, तिच्या ऐवजी वाढीव रक्कम भरून सुइट, म्हणजे अधिक मोठी आणि अधिक सोयींची खोली, घेणार का, अशी विचारणा कंपनीकडून आली आहे. दादाचे म्हणणे असे की लग्नाचा पन्नासावा वाढदिवस काही पुन्हा येत नाही, तेव्हा सुइटच घ्यावा. बाबांचे म्हणणे असे की खोली केवळ पाठ टेकण्यापुरती लागते, मग खिडकी नसलेली सर्वांत स्वस्त खोली का नको. आणि आई, तू नेहमीसारखे 'तुम्ही ठरवाल ते' म्हणून फोन बाबांच्या हाती दिलास. फोनवर हे बोलणे दर वेळी पैशांपाशी येऊन अडते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: सुइटही घेऊ नये आणि आतली खोलीही घेऊ नये, घेतली आहे तीच ठेवावी.

आपले जहाज रॉयल कॅरिबियन कंपनीच्या क्वांटम वर्गातले आहे. या वर्गातले पहिले जहाज 2014 मध्ये जर्मनीतल्या पापेनबुर्ग येथील कारखान्यातून बाहेर पडले. त्यावरची बाल्कनीची साधी खोली सुमारे 198 चौरस फुटांची असते, म्हणजे बाबांच्या माडीवरच्या वाचनाच्या खोलीपेक्षा फारशी लहान नाही, आणि तिला सुमारे 55 चौरस फुटांची बाल्कनी असते. त्यावरच्या पायरीचा, ज्युनियर सुइट नावाचा प्रकार सुमारे 267 चौरस फुटांचा असतो. म्हणजे जास्तीचे पैसे भरून मिळतात ते मुख्यतः सत्तर चौरस फूट, एक मोठा सोफा आणि जरा ऐसपैस बाल्कनी. घरात चार माणसे येऊन बसणार असती तर त्या सोफ्याचा उपयोग होता. पण तुम्ही दोघेच, आणि बाबा जेवणाखेरीज खोलीत किती वेळ टिकतील याबद्दल मला शंकाच आहे.

दादाला खोलीपेक्षा सोयींचे आकर्षण अधिक आहे, आणि तिथेच खरी मेख आहे. या कंपनीत सुइटच्या तीन श्रेणी आहेत: सी, स्काय आणि स्टार. आधी चढण्याचा मान, स्वतंत्र मदतनीस आणि तिन्ही वेळ वेगळ्या उपाहारगृहात जेवण, हे जे दादाने कुणाकडून तरी ऐकले आहे, ते वरच्या दोन श्रेण्यांचे वैभव आहे. आपल्याला परवडण्याजोगा ज्युनियर सुइट सर्वांत खालच्या श्रेणीत मोडतो, आणि त्यात हातात पडते ते मुख्यतः त्या वेगळ्या उपाहारगृहातले रात्रीचे जेवण. आता त्या उपाहारगृहाचा स्वयंपाक भूमध्य समुद्राकाठच्या आणि कॅलिफोर्नियाच्या धाटणीचा आहे. आई, ऑलिव्हच्या तेलात परतलेल्या वांग्यावर तू एक रात्र काढशील, दुसऱ्या रात्री मात्र वरणभात विचारशील, आणि वरणभाताच्या जवळपास जाणारे जे काही जहाजावर मिळते, ते सर्वांसाठी खुल्या असलेल्या मोठ्या भोजनगृहातच मिळते. तिथे भारतीय भाज्या आणि भात असतो, आणि शाकाहारी असल्याचे आधी कळवले की मुख्य जेवणघरातले लोकही सांभाळून वाढतात. म्हणजे ज्या सोयीचे पैसे भरायचे, तीच सोडून आपण रोज दुसरीकडे जेवायला जाणार. 

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट न्हाणीघराची आहे. अनेक सुइटांमध्ये चैन म्हणून आंघोळीचा टब बसवलेला असतो आणि त्यातच उभे राहून फवारा घ्यावा लागतो. आई, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुला घरातला उंबरा ओलांडतानाही चौकट धरावी लागते. त्या टबाच्या काठावरून ओला पाय बाहेर टाकताना काय होईल, याचा विचार मला करवत नाही. साध्या खोलीत काचेच्या आडोशात उभे राहण्याचा फवारा असतो, त्याचा काठ फार उंच नसतो. चाकाची खुर्ची आत जाईल अशा, सपाट जमिनीच्या आणि भिंतीला दांडे बसवलेल्या खोल्याही जहाजावर मोजक्या असतात. मात्र त्या ज्यांना खरोखर लागतात त्यांच्यासाठी राखलेल्या असल्यामुळे आणि तुला तशी गरज नसल्यामुळे मी ती मागितली नाही.

दुसरी अडचण खोलीच्या जागेची. ही बढती लिलावासारखी असते: आपण एक रक्कम लिहून द्यायची, ती माणशी धरली जाते, म्हणजे प्रत्यक्षात दुप्पट भरायची, आणि सफर अगदी तोंडावर आल्यावर कधीतरी ती मान्य झाल्याचे कळते. एकदा मान्य झाली की पैसे कापले जातात आणि परत मिळत नाहीत. आणि मुख्य म्हणजे आपण केवळ प्रकार मागू शकतो, खोली कुठली द्यायची ते कंपनी ठरवते. मी आत्ता घेतलेली खोली पुष्कळ नकाशे पाहून निवडली आहे. ती जहाजाच्या लांबीच्या मध्यभागी आहे, कारण जहाज हलते तेव्हा टोकांना जास्त हेलकावे बसतात आणि मध्यभागी सर्वांत कमी. ती लिफ्टपासून थोड्याच पावलांवर आहे, आणि तिच्या वर व खाली राहण्याच्याच खोल्या आहेत. पोहण्याचा तलाव चौदाव्या मजल्यावर असल्यामुळे त्याच्या लगेच खालच्या मजल्यावर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, आणि बाबांची झोप कशी आहे ते आपण सर्व जाणतो. सुइट मिळून तो जहाजाच्या पार टोकाला निघाला, तर आईने त्या लांबच लांब बोळातून दिवसातून किती वेळा ये-जा करायची?

समुद्राची भीती मात्र बाळगू नका. सिंगापूरहून मलेशियातल्या पेनांगकडे आणि थायलंडमधल्या फुकेतकडे जाताना बराचसा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो, आणि एका बाजूला सुमात्रा व दुसऱ्या बाजूला मलाया द्वीपकल्प असल्यामुळे तिथे पाणी सहसा शांत असते. बाबा, आयुष्यभर भूगोल शिकवलात, त्यामुळे हे तुम्हाला नकाशावर लगेच दिसेल: जाताना जहाजाचे तोंड वायव्येला असते, म्हणून उजव्या बाजूच्या बाल्कनीत सकाळचे ऊन येईल, आणि येताना तेच ऊन डावीकडे जाऊन आपल्या वाट्याला संध्याकाळ येईल. मी खोली उजवीकडची घेतली आहे.

बाबांच्या स्वस्त खोलीबद्दलही लिहायला हवे, कारण तुमचा हिशेब चुकीचा नाही. खिडकी नसलेल्या खोलीत या जहाजांवर भिंतीएवढा पडदा लावून त्यावर बाहेरचा समुद्र दाखवतात, आणि फिरत्या माणसाला तेवढे पुरते. पण फुकेतला मोठी जहाजे बहुधा धक्क्याला न लागता पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाऊल टाकणे आईला जमणार नाही, त्यामुळे तो दिवस तिने जहाजावरच काढायचा आहे. पहाटे उठून बसायची सवय असलेल्या बाईने तो दिवस पडद्याकडे पाहत काढावा, हे मला पटत नाही. तिला दार उघडून बाहेर बसता आले पाहिजे, आणि बाल्कनीचे पैसे मी त्यासाठीच भरते आहे. पेनांगला मात्र जहाज जॉर्ज टाऊनच्या स्वेटनहॅम धक्क्यालाच लागते, तिथे दोघेही उतरा.

सुइटचा वाचलेला फरक मी तुमच्या हातात ठेवणार नाही. बाबा तो मुदत ठेवीत टाकतील. त्यातून हैदराबादहून निघणारे विमान सफरीच्या दोन दिवस आधीचे घेते, म्हणजे उदगीरहून रात्रीचा गाडीचा प्रवास आणि लगेच विमान, असा ताण आईला पडणार नाही आणि जहाजावर चढण्याआधी आमच्या घरी विश्रांती होईल. उरलेल्यातून पेनांगला दिवसभराची मोटार ठरवते, कारण केक लोक सी हे मंदिर टेकडीवर आहे आणि चढण आईसाठी नको. प्रवासाचा वैद्यकीय विमा वेगळा काढला आहे; जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांचे बिल आपले आपल्यालाच भरावे लागते.

दादाशी मी बोलते, तुम्ही त्याला काही सांगू नका, नाहीतर तो परस्पर रक्कम भरून मोकळा होईल. तुमच्याकडून मला दोनच गोष्टी हव्यात. खोलीतला पलंग जोडून ठेवायचा की दोन वेगळे करायचे, हे जहाजाला आधी कळवावे लागते, तेव्हा रात्री उठताना आईला कोणते सोपे जाईल ते तिनेच मला सांगावे, बाबांनी तिच्या वतीने नव्हे. आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडून गुडघ्यांबद्दलचे व चालू औषधांचे इंग्रजी पत्र घेऊन त्याचे छायाचित्र पाठवावे.

तुमची लेक