टँकरवरच्या ड्रायव्हरबद्दल

पुणे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, दूध संघाच्या टँकरवरच्या ड्रायव्हरला घरी बसवलं, त्याला 'तसलं काहीतरी', म्हणजे एचआयव्ही, निघालंय. आई मागून म्हणाली, बरंच झालं. बाबा, तुम्ही संचालक मंडळावर आहात, म्हणून सविस्तर लिहिते.

चाकणच्या आमच्या कंपनीत एचआरबरोबर एचआयव्ही कायद्याखालची तक्रार अधिकारीही मीच आहे. कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. शंभर किंवा जास्त माणसं असतील तिथे असा अधिकारी नेमावाच लागतो. चिलिंग प्लँट धरून संघात तेवढी सहज असतील. नेमलाय का कोणी?

आमच्या प्रेस शॉपवर एक जण आहे. नाव-गाव तुम्हालाही सांगणार नाही. त्यालाही एचआयव्ही आहे. सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रातून, त्याला फुकट गोळ्या मिळतात, रोज एक. बाटलीवरचं लेबल त्यानं नखानं खरवडलंय, आणि गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबलाय. आजाराचं तो फार बोलत नाही. लॉकर रूममध्ये कुणाच्या कानावर आवाज जाईल, याचीच धास्ती.

कंपनीनं काय केलं? केंद्रावर जायच्या दिवशी रजा, अर्जावर 'वैद्यकीय' एवढंच. कागद माझ्या कपाटात कुलपात. सुपरवायझरनं कारण विचारलं, मी म्हटलं, विचारायचं नाही. भरतीच्या मेडिकलमध्ये ठेकेदार एचआयव्हीची चाचणी घालायचा, ती बंद केली. नोकरीसाठी ती अट घालताच येत नाही. त्यावरून वरच्यांशी माझं चांगलंच वाजलं.

आई, तुझ्या मनात टँकरमधलं दूध असणार. त्यातून, किंवा एका तांब्यानं पाणी प्यायल्यानं हा विषाणू जात नाही. नियमित गोळ्यांनी रक्तात तो सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही पसरत नाही. मग स्टीअरिंगवरून काय पसरणार?

बाबा, माणूस काम करायला सक्षम असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्येच एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात सांगितलंय. आता तर काढायचं म्हटलं तरी स्वतंत्र डॉक्टरचा लेखी अहवाल हवा, शिवाय त्याला सामावून घेणं संघाला का झेपत नाही याचं लेखी निवेदन. दोन्ही त्याच्या हातात द्यावं लागतं. 'घरी बस, बघू' हे चालत नाही.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. गोळ्या फुकट असल्या तरी तालुक्याला जायला एसटीचं भाडं लागतं. पगार थांबला की खेपा चुकतात, गोळ्या चुकतात, आणि धडधाकट माणूस खरोखर अंथरुणाला लागतो.

बैठकीत विषय काढू नका, सगळ्यांसमोर त्याचं नाव निघेल. मॅनेजरला एकट्याला गाठा. ड्रायव्हरला त्याच टँकरवर परत घ्यायला लावा, मधल्या दिवसांचा पगारही द्यायला लावा. बातमी फुटली कुठून, तेही विचारा. १०९७ हा एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर ड्रायव्हरला द्या. कायद्यातली कलमं मराठीत लिहून सोबत जोडलीत. मॅनेजर काय म्हणाला ते त्याच दिवशी फोन करून सांगा. गरज पडली तर मी शनिवारी येते.

तुमची,
मनू