पुराच्या ग्रुपवर मिसळ नको

महोदय,

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीचा पुराच्या माहितीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी चालवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. मधले चार फूट म्हणजे सामान माळ्यावर टाकायचा वेळ. मागच्या पावसाळ्यात ४१ फुटांचा आकडा टाकला, तर खाली कुणाची मिसळ झणझणीत यावर ६० मेसेज! आकडा मेसेजांखाली दिसेनासा झाला. शेजारच्या आजी दारात येऊन विचारतात, ‘पाणी किती चढलं रं?’

कुणाला काढलं नाही. गल्लीत रोज तोंड बघायचंय. ‘कट्टा’ नावाचा वेगळा ग्रुप काढला, मिसळ तिकडं. पाणी ३९ ला टेकलं की मूळ ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहिणार, ज्याला मदत हवी त्यानं थेट फोन करायचा. तरी काल कट्ट्यावर एकानं पाण्याची पातळी विचारलीच.

– एक अ‍ॅडमिन, कोल्हापूर