चिपचे बिल वेगळे, पेटंटचे वेगळे

महोदय,

देशात चिप बनू लागली की मोबाइलवर परदेशात जाणारी रॉयल्टी थांबेल, असे सेमीकंडक्टर प्रकल्पांच्या बातम्यांत आणि अग्रलेखांतही वरचेवर वाचायला मिळते. हे चुकीचे आहे. चिपची किंमत आणि वायरलेस पेटंटची रॉयल्टी ही दोन वेगळी बिले आहेत, आणि बऱ्याचदा ती दोन वेगळ्या कंपन्यांना भरावी लागतात. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या सॅन डिएगोची मोबाइल चिप कंपनी क्वालकॉम.

१९८५ साली आयर्विन जेकब्स, अँड्र्यू व्हिटर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली. सीडीएमए हे मोबाइल जाळ्याचे तंत्र चालते हे लोकांना पटावे म्हणून सुरुवातीला कंपनी चिप, हँडसेट आणि टॉवरवरची यंत्रे असे सगळेच बनवत होती. तंत्र रुळल्यावर १९९९ मध्ये टॉवरचा व्यवसाय एरिक्सनला आणि त्यापाठोपाठ हँडसेटचा व्यवसाय जपानच्या क्योसेराला विकला. उरले चिप आणि पेटंट. ज्या फोन कंपन्यांकडून रॉयल्टी घ्यायची त्यांच्याशीच फोन विकण्यात स्पर्धा उरली नाही. परवान्याचा धंदा त्यामुळेच वाढू शकला, असे आमचे मत आहे.

आजची रचना ऑक्टोबर २०१२ ची आहे. वर मूळ कंपनी क्वालकॉम इन्कॉर्पोरेटेड. बहुतेक सगळी पेटंटे तिच्या नावावर, आणि परवाने देणारा क्यूटीएल हा विभागही तिच्यातच. तिच्या पूर्ण मालकीची उपकंपनी म्हणजे क्वालकॉम टेक्नॉलॉजीज. संशोधन, अभियांत्रिकी आणि चिप विकणारा क्यूसीटी विभाग हे सगळे या उपकंपनीत. तिसरा, छोटा विभाग क्यूएसआय हा गुंतवणुकी सांभाळतो.

ही विभागणी कशासाठी? अँड्रॉइडच्या फोनसाठी चिपबरोबर ड्रायव्हर (चिप चालवणारे प्रोग्रॅम) आणि इतर मुक्त, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेले, सॉफ्टवेअर द्यावे लागते, आणि त्यांच्या काही परवान्यांत ‘कोड दिला म्हणजे त्यावरचे पेटंटही दिले’ अशा अर्थाची कलमे असतात. कोड देणारी आणि पेटंटची मालक कंपनी एकच असेल तर एखाद्या अभियंत्याने टाकलेल्या कोडमुळे मौल्यवान पेटंट हातचे जाऊ शकते. म्हणून उपकंपनीला मूळ कंपनीच्या पेटंटवर परवाना देण्याचा अधिकारच ठेवलेला नाही.

आता पैशांकडे. सप्टेंबर २०२४ अखेरच्या आर्थिक वर्षात चिप विभागाची विक्री सुमारे ३३.२ अब्ज डॉलर होती आणि करपूर्व नफा २९ टक्क्यांच्या आसपास. परवाना विभागाचा महसूल अवघा ५.६ अब्ज, पण नफा ७२ टक्के. चिप विभागाला तैवानच्या टीएसएमसीकडून आणि सॅमसंगकडून वेफर (ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) बनवून घ्यावे लागतात, ते बाहेरच्याच कंपन्यांकडून पॅकेज आणि चाचणी करून घ्यावे लागतात, मालसाठा सांभाळावा लागतो. परवाना विभागाचा खर्च मुख्यतः वकील, वाटाघाटी करणारे आणि हिशेब तपासणारे यांचा. पेटंट ज्यातून निघतात त्या संशोधनाचा बहुतेक भार चिप विभागाच्या खात्यावर पडतो, हे ७२ टक्क्यांचा आकडा वाचताना लक्षात ठेवावे. २००० साली चिप व्यवसाय वेगळा काढण्याची घोषणा झाली आणि वर्षभरात मागे घेतली गेली. २०१५ मध्ये एका गुंतवणूकदार संस्थेने तीच मागणी केली, तीही संचालक मंडळाने नाकारली. पेटंटचे आयुष्य २० वर्षे. नवे संशोधन थांबले तर परवान्याची विहीर आटते, म्हणून हे दोन विभाग सहजी वेगळे होत नाहीत.

आमच्या मुद्द्याचा गाभा कायद्यातल्या एका तत्त्वात आहे. पेटंटधारकाने वस्तू एकदा विकली की त्या वस्तूपुरता त्याचा पेटंटहक्क संपतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये क्वांटा विरुद्ध एलजी खटल्यात हे पुन्हा ठामपणे सांगितले. म्हणजे चिपबरोबरच परवानाही दिला तर पुढे फोनवर काही मागता येणार नाही. त्यावर क्वालकॉमची रीत अशी : आधी फोन कंपनीने परवाना घ्यायचा, मगच तिला चिप मिळणार. प्रतिस्पर्धी चिप कंपन्यांना मात्र असा हक्क संपवणारा परवाना द्यायचा नाही. त्यामुळे फोनमध्ये मीडियाटेकची चिप असो की उद्या पुण्यात आरेखन झालेली, रॉयल्टी फोनवरच लागते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने यावर २०१७ मध्ये खटला भरला, २०१९ मध्ये निकाल कंपनीविरुद्ध गेला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये अपिलात तो फिरला. चीनने मात्र २०१५ मध्येच ६.०८८ अब्ज युआनचा दंड केला आणि तिथे विकल्या जाणाऱ्या फोनसाठी रॉयल्टी किमतीच्या ६५ टक्क्यांवरच मोजायला लावली.

कंपनीचे जाहीर दर असे. ५जीबरोबर ३जी-४जीही चालणाऱ्या फोनसाठी, फक्त मानकाला (मोबाइल जाळ्याच्या ठरलेल्या तांत्रिक नियमांना) आवश्यक पेटंट घेतली तर ३.२५ टक्के. सगळीच पेटंट घेतली तर ५ टक्के. आकारणी फोनच्या निव्वळ घाऊक किमतीवर, पण ४०० डॉलरच्या मर्यादेपर्यंतच. ३.२५ टक्क्यांनी हिशेब करून पाहा. १५० डॉलरच्या फोनवर ४ डॉलर ८८ सेंट, ४०० डॉलरच्या फोनवर १३ डॉलर, आणि १,२०० डॉलरच्या फोनवरही १३ डॉलरच. महाग फोनवरचा बोजा एका टक्क्याच्या जवळपास उतरतो, स्वस्त फोन मात्र पूर्ण ३.२५ टक्के भरतो. ज्या देशात बहुसंख्य लोक स्वस्त फोन घेतात तिथे हे गणित अन्यायाचे आहे. शिवाय एरिक्सन, नोकिया वगैरेंची रॉयल्टी आणखी वेगळी. एरिक्सनच्या पेटंटप्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये लावा कंपनीला सुमारे २४४ कोटी रुपये भरपाई भरायला सांगितली, ती याच प्रकारच्या पेटंटबद्दल.

नव्या फोन कंपन्या कुठे अडकतात तेही सांगायला हवे. दर तिमाहीला मॉडेल, नगसंख्या आणि विक्रीकिंमत यांचा हिशेब द्यावा लागतो, आणि परवानाधारकाची वही तपासण्याचा अधिकार पेटंटधारक राखून ठेवतो. स्वतःच्याच वितरण कंपनीला कमी दरात फोन विकून रॉयल्टी वाचवू पाहणाऱ्याला तपासणीत फरक आणि व्याज भरावे लागते, कारण अशा करारांत साधारणपणे त्रयस्थाला झालेली पहिली विक्री धरतात. दुसरा घोळ, रॉयल्टी ब्रँडने भरायची की जुळणी करणाऱ्या कारखान्याने? ॲपलच्या बाबतीत परवाने फॉक्सकॉनसारख्या जुळणीदारांच्या नावावर होते. २०१७ मध्ये त्यांनी पैसे थांबवले, आणि एप्रिल २०१९ च्या तडजोडीनंतर क्वालकॉमने एकाच तिमाहीत केवळ या तडजोडीपोटी ४.७ अब्ज डॉलरचा महसूल दाखवला. जुळणीचा करार करणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांनी हे कलम सहीपूर्वी दोनदा वाचावे.

तिसऱ्या, गुंतवणुकीच्या विभागाचा मुंबईशी थेट संबंध आला होता. २०१० च्या ब्रॉडबँड लहरींच्या लिलावात क्वालकॉमने मुंबई, दिल्ली, हरियाणा आणि केरळ ही दूरसंचार मंडळे सुमारे ४,९१२ कोटींना घेतली. इंटेल तेव्हा वायमॅक्स या बिनतारी ब्रॉडबँड मानकाच्या मागे होती, क्वालकॉमची भिस्त एलटीई या ४जीच्या मानकावर. इथे एलटीई रुजवण्यासाठी जागा धरून ठेवायची हा हेतू. २०१२ पासून हा व्यवसाय एअरटेलकडे जाऊ लागला. मानक कोणते रुजते यावर पुढची २० वर्षे रॉयल्टी कोणाला जाणार हे ठरते, म्हणून एवढी रक्कम घालणे त्यांना परवडले. आपल्याकडच्या प्रकल्पांच्या चर्चेत जमीन, पाणी आणि अनुदान यांचाच हिशेब असतो. मानक ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या बैठकांना इथले किती अभियंते जातात आणि किती प्रस्ताव मांडतात, हे कोणी विचारत नाही. याची आम्हाला खरोखर चिंता वाटते.

यापुढे मोबाइलच्या किमतीचा तक्ता छापाल तेव्हा ‘चिप’ आणि ‘पेटंट रॉयल्टी’ हे दोन रकाने वेगळे ठेवावेत, ही विनंती.

आपले,
दूरसंचार परवाना करारांचे काम करणारे काही वाचक, पुणे