लंडनहून दादांना पत्र
लंडन, 15 जून 1941

तीर्थरूप दादांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले फाल्गुनातील पत्र आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून काल हाती पडले. मी सर्वस्वी सुखरूप आहे. 10 मेच्या रात्रीनंतर येथे मोठा हवाई हल्ला झालेला नाही, हे आईला आधी वाचून दाखवावे. आठवड्यातून एका रात्री कारखान्याच्या छपरावर आगीचा पहारा करावा लागतो. पण डोक्यावर लोखंडी टोप आणि हाताशी वाळूच्या बादल्या असतात, तेव्हा त्याची काळजी करू नये.

खाण्यापिण्याचे नियम मोडले का, असे आईने विचारले आहे. मोडलेले नाहीत. शाकाहारी म्हणून नाव नोंदवून मांसाची कुपने परत केली की जास्तीचे चीज मिळते, आणि मी तसेच केले आहे. चहा मात्र आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम पाच तोळे.

एक गोष्ट सविस्तर सांगितल्याशिवाय आपला विश्वास बसणार नाही. येथे कांद्याची सोडत काढतात. या देशात पुष्कळ कांदा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून व चॅनेल बेटांतून येत असे; गेल्या उन्हाळ्यात दोन्ही जर्मनांच्या हाती गेल्यापासून तो बाजारात दिसेनासा झाला. आमच्या कचेरीत कोणाच्या परसातला एक कांदा बशीत मांडून ठेवला होता. सर्वांनी एकेका पेनीची चिठ्ठी घेतली, जमलेली रक्कम धर्मादायास दिली, आणि ज्या बाईंना तो लागला त्यांनी तो रुमालात गुंडाळून घरी नेला. कोणी हसले नाही. आपल्याकडे आता कांदेनवमी येईल.

माईचे लग्न वैशाखात ठरल्याचे वाचले तेव्हा ज्येष्ठही उतरला होता. मुहूर्ताचा दिवस ठाऊक नसल्याने त्या घटकेला मनातल्या मनात अक्षताही टाकता आल्या नाहीत. 1 जूनपासून कपड्यांनाही कुपने लागली आहेत, वर्षाला 66. त्यांतून तिच्यासाठी गरम कापड घेतले असून ते येताना आणीन. माझा जुना कोट अजून चांगला आहे. बँकेमार्फत 15 पौंड, म्हणजे 200 रुपये, पाठवले आहेत. माझ्या शिक्षणाचे कर्ज फिटण्याआधी आपणांस लग्नासाठी दुसरे काढावे लागले असेल, तर ते प्रथम त्याच्या व्याजात भरावेत.

माईला वेगळे पत्र लिहायला बसलो होतो. 'चि. सौ.' एवढे लिहिले, पण सासरी तिचे नाव काय ठेवले हे ठाऊक नसल्याने पुढे लिहिता आले नाही. ते उलट टपाली कळवावे.