सहा महिने ते तीन वर्षे : या मुलांना दिवसभर सांभाळायचे कोणी?

प्रति,
माननीय मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदया,

भोसरीच्या औद्योगिक परिसरातील एका छोट्या कारखान्यात मी हजेरी, रजा आणि पगाराचे काम पाहते. रजेच्या अर्जावर 'कारण' असा एक रकाना असतो. पुरुषांच्या अर्जांत तिथे बहुधा गावची जत्रा, लग्नकार्य किंवा आजारपण लिहिलेले असते; बायकांच्या अर्जांत 'सासूबाई गावी गेल्या', 'पाळणाघर बंद', 'शाळा लवकर सुटणार' ही कारणे पुन्हापुन्हा येतात आणि अशा काही अर्जांनंतर पुष्कळदा राजीनामाच येतो. त्यात कारण एकच लिहिलेले असते, 'घरगुती अडचण'. ही अडचण बऱ्याच अंशी आपल्या विभागाच्या कक्षेत येते, म्हणून हे पत्र.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. म्हणजे मूल सहा महिन्यांचे होण्याच्या आतबाहेर आई कामावर परतते. अंगणवाडीत मूल रोज जाऊन बसू लागते ते तीन वर्षांचे झाल्यावर. त्याआधी पटावर त्याचे नाव असते ते लसीकरण, वजन आणि घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटांसाठी. मधल्या अडीच वर्षांत त्याला दिवसभर ठेवायला बहुतेक वस्त्यांत एकही सरकारी जागा नाही. आजी असेल तर नोकरी टिकते, नसेल तर चाळीतल्या एखाद्या काकूंच्या घरगुती पाळणाघरावर सगळी भिस्त. तिथेही काकूंच्या घरी कुणी आजारी पडले की त्या दिवशी आमच्या तपासणीच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी राहते.

तिसऱ्या वर्षानंतरही सुटका होत नाही. अंगणवाडी दुपारपर्यंत चालते, बालवाडी त्याहून लवकर सुटते आणि कारखान्याची जनरल पाळी संध्याकाळपर्यंत असते. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू रास्त आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण साडेआठला हजेरी लावणाऱ्या आईने नऊच्या शाळेत मूल कसे पोचवायचे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलेला दिसत नाही. शाळा आपल्या खात्याकडे नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी त्या मुलाची आई दोन्ही खात्यांच्या वेळापत्रकांमध्ये एकटीच पळत असते. (वडिलांचेही मूल आहे, पण त्यांच्या रजेच्या अर्जात ते क्वचितच दिसते.)

कायद्याने पाळणाघराची जबाबदारी पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर टाकली. आमच्या गल्लीतल्या बहुतेक शेडमध्ये दहा-वीस माणसे काम करतात. त्याच परिसरात कपडे शिवणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, डबे पोचवणाऱ्या बायकांना तर आस्थापनाच नाही. मात्र २०१७ च्या त्याच दुरुस्तीने पाळणाघर स्वतंत्रपणे किंवा सामाईक सुविधांसह चालवण्याची मुभा दिली. औद्योगिक वसाहतीने जागा द्यावी, लहान उद्योगांनी मिळून खर्चाचा वाटा उचलावा आणि शासनाने उरलेला भार व देखरेख सांभाळावी, याला नवा कायदा लागणार नाही. मालकांचे मन वळवणे अवघड जाईल, हे मी पगारपत्रकाच्या बाजूने रोज पाहते; पण शिकवून तयार केलेली बाई सोडून गेली की नवीन माणूस तिच्या हाताच्या वेगावर यायला किती दिवस जातात, हेही ते मालक जाणतात.

केंद्राच्या मिशन शक्तीमधील 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद असून ती सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नेमकी हीच पोकळी भरायची आहे. योजनेत दिवसाचे साडेसात तास धरले आहेत, तर आमची पाळीच जेवणाच्या सुट्टीसह साडेआठ तासांची, शिवाय पीएमपीच्या बसमधला वेळ वेगळा. राज्याने आपल्या निधीतून निदान दोन तास वाढवले तरच या पाळणाघरांचा कामगार बायकांना उपयोग होईल.

एक विनंती आग्रहाने करते. हे वाढीव तास सध्याच्या सेविका आणि मदतनीस यांच्या माथी मारू नयेत. पोषण, नोंदी, गृहभेटी, सर्वेक्षणे यांतच त्यांचा दिवस संपतो, आणि मानधनासाठी त्यांना संपावर जावे लागल्याचे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. पाळणाघरासाठी वेगळी, प्रशिक्षित आणि रीतसर पगार घेणारी माणसे हवीत. एका बाईची नोकरी वाचवण्यासाठी दुसरीला कमी पैशांत राबवणे मला तरी पटत नाही.

लाडकी बहीण योजनेतून दरमहा येणारे १५०० रुपये अनेक घरांना आधार देतात, पण आमच्या भागातल्या पाळणाघराची महिन्याची फी त्यात भागत नाही, आणि नोकरी सुटली तर जाणारा पगार त्याच्या कितीतरी पट असतो.

म्हणून सुरुवातीला भोसरी, चाकण, वाळूज आणि नाशिकचे अंबड या औद्योगिक वसाहतींत सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत चालणारे प्रत्येकी एक सामाईक पाळणाघर येत्या जूनपूर्वी सुरू करावे, आणि त्याच्या वेळा ठरवताना तिथल्या कारखान्यांच्या पाळ्यांचे तक्ते मागवून घ्यावेत. आमच्या कारखान्याचा तक्ता मी मालकांच्या परवानगीने पाठवायला तयार आहे.

आपली विश्वासू,
भोसरी येथील एक कर्मचारी